हिरव्या दिव्याचा हिशेब : प्रस्तावना

वाहनं मोजायचं काम मला पहिल्यांदा मिळालं ते पुण्यातल्या अलका टॉकीज चौकात. हातात जाड पुठ्ठा, त्याला चिमट्यानं अडकवलेला तक्ता आणि त्यावर रकाने : दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, ट्रक, सायकल, इतर. वाहन गेलं की उभी रेघ मारायची, चार झाल्या की पाचवी आडवी मारून जुडी बांधायची, दर पंधरा मिनिटांनी ओळ बदलायची. अर्ध्या तासात कळलं की मोटारी मोजता येतात, पण दुचाक्या येत नाहीत. त्या रांगेनं येत नाहीत, सांडल्यासारख्या येतात. ‘इतर’मध्ये हातगाडी धरायची असं सांगितलं होतं. पायी चालणारे कुठे धरायचे, असं मी विचारलं. ‘ते वाहन नाहीत’ असं उत्तर आलं. उत्तर चुकीचं नव्हतं, आणि मी मुकाट्यानं पुढच्या जुडीकडे वळलो. हा प्रश्न तेव्हाच धसाला लावायला हवा होता, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

चौक मात्र शिकण्यासाठी उत्तम मिळाला होता. लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, टिळक रस्ता आणि केळकर रस्ता हे चारही गणपती विसर्जनाचे मार्ग इथे येऊन मिळतात. अनंत चतुर्दशीला या चौकात उभं राहिलेल्या माणसाला वाहतूकशास्त्रातला पहिला धडा फुकट मिळतो. चार रस्त्यांवर मंडळं खोळंबलेली असतात, पुढे जायची वाट एकच, आणि सगळा प्रश्न एवढाच असतो की आता पाळी कोणाची. मानाचे पाच गणपती आधी जातात, हा क्रम मानाचा आहे आणि तो सगळ्यांना मान्य आहे. त्यांच्यामागच्या मंडळांची रांग मात्र मानानं सुटत नाही. मागचे रस्ते दुप्पट रुंद केले, तरी चौकातून तासाला जितकी मंडळं पुढे जातात तितकीच जातील, फक्त रांग रुंद होईल. रस्त्याची क्षमता रस्त्यात नसते, चौकात असते. ही गोष्ट ज्याच्या गळी उतरली, त्याला या विषयाचा अर्धा भाग समजला असं मी धरून चालतो.

उरलेला अर्धा भाग असा : चौकात जागा वाटून देता येते किंवा वेळ वाटून देता येतो. जागा वाटली की रचना होते, म्हणजे बेटं, वळणाच्या वेगळ्या मार्गिका, वर्तुळ, उड्डाणपूल. वेळ वाटला की सिग्नल होतो. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात, त्यातल्या १६ ठिकाणी ते सरळ एकमेकांना छेदतात, आणि बहुतेक जीवघेण्या धडका याच सोळा जागी होतात. सिग्नल या जागा काढून टाकत नाही. दोन वाहनं तिथे एकाच वेळी येणार नाहीत एवढंच तो पाहतो.

सिग्नल रस्त्यावर आला तो रेल्वेतून, आणि आपली भाषा ते अजून विसरलेली नाही. लाल सिग्नल ‘लागतो’, हिरवा झाला की सिग्नल ‘सुटतो’, जणू स्टेशनातून गाडीच सुटते आहे. लंडनच्या संसदेबाहेर डिसेंबर १८६८मध्ये जो पहिला रस्त्यावरचा सिग्नल उभा राहिला, तो जे. पी. नाइट या रेल्वेच्या इंजिनिअरनं आखलेला होता. दिवसा खांबाचे हात वर-खाली व्हायचे, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे लागायचे, आणि शेजारी पोलिस उभा राहून ते हलवायचा. महिनाभरातच गॅस गळून स्फोट झाला, पोलिस जखमी झाला, आणि लंडननं पुढची कित्येक वर्षं सिग्नलचं नाव काढलं नाही. विजेचा सिग्नल ऑगस्ट १९१४मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला लागला, तीन रंगांचा चौफेर सिग्नल १९२०मध्ये डेट्रॉइटला. इथवरचा इतिहास यंत्रांचा आहे आणि तो या पुस्तकात मुद्दाम थोडक्यात उरकला आहे. कोणाला किती सेकंद द्यायचे याचा हिशेब तोवर झालाच नव्हता. पोलिसाच्या नजरेला पटेल तेवढे दिले जायचे.

हिशेबाची सुरुवात एका साध्या निरीक्षणातून झाली. दिवा हिरवा झाल्यावर रांगेतली पहिली मोटार थांबरेषा ओलांडायला किती वेळ घेते, दुसरी किती, तिसरी किती? ब्रूस ग्रीनशील्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठाच्या १९४७च्या अहवालात हे आकडे दिले. पहिली मोटार ३.८ सेकंद घेते, तिच्यामागची ३.१, मग २.७, २.४, २.२, आणि सहाव्या मोटारीपासून दर मोटारीला सरळ २.१. पहिल्या चालकाला दिवा दिसायचा, डोक्यात जायचा, पाय ब्रेकवरून उचलायचा. मागच्यांचं हे सगळं पुढच्याची वाट पाहतानाच उरकलेलं असतं. पहिल्या पाच मोटारींनी २.१ पेक्षा जास्त घेतलेले तुकडे जोडले, तर ३.७ सेकंद होतात. म्हणजे दिवा हिरवा झाला की जवळजवळ पावणेचार सेकंद हवेत गेले. दर वेळी, दर पाळीला. याला आम्ही ‘वाया वेळ’ म्हणतो, आणि सिग्नलचं पुढचं सगळं गणित त्याच्याभोवती फिरतं.

आता वाचकानं थोडी आकडेमोड सहन करावी. चार पाळ्यांचा सिग्नल घ्या आणि प्रत्येक पाळीला चार सेकंद वाया धरा. एका चक्रात, म्हणजे चारही पाळ्यांच्या एका फेरीत, १६ सेकंद गेले. चक्र ६० सेकंदांचं असेल तर कामाचे उरले ४४, म्हणजे ७३ टक्के. चक्र १२० केलं तर १०४ उरतात, ८७ टक्के. फायदा दिसतो आहे. म्हणून ते २४० केलं, तर २२४ उरतात, ९३ टक्के. शेवटच्या सहा-सात टक्क्यांसाठी चौकातल्या प्रत्येक माणसाचं थांबणं दुप्पट झालं. ‘आमच्या बाजूचा सिग्नल वाढवा’ ही मागणी प्रत्येक वॉर्डात होते, आणि चारही बाजूंची मागणी मान्य केली की हेच घडतं : सगळ्यांना हिरवा जास्त आणि सगळ्यांना लाल त्याहून जास्त. चक्र लांबवल्यानं जो वेळ ‘मिळतो’, तो आधी वाया जात होता तेवढाच असतो. त्यापलीकडे एकाला दिलेला सेकंद दुसऱ्याच्या खिशातून आलेला असतो.

मग चक्र किती लांब ठेवावं? याचं उत्तर ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८मध्ये दिलं. जगभरचे विद्यार्थी आजही परीक्षेत ते सूत्र लिहितात, आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८५च्या सिग्नलविषयक मार्गदर्शिकेतही पद्धत वेबस्टरचीच आहे. सूत्र शब्दांत असं : चक्रातल्या एकूण वाया वेळाची दीडपट करा, त्यात पाच मिळवा, आणि एकातून चौकाचा भार वजा करून जे उरेल त्यानं भागा. भार म्हणजे काय? प्रत्येक पाळीच्या बाजूनं तासाभरात येणारी वाहनं, भागिले ती बाजू तासभर हिरवीच राहिली असती तर जाऊ शकली असती तेवढी वाहनं. चारही पाळ्यांची अशी बेरीज. आपल्या वरच्या चौकात १६ची दीडपट अधिक पाच म्हणजे २९; भार ०.५ असेल तर २९ भागिले ०.५, म्हणजे ५८ सेकंद. भार ०.७५ झाला की ११६. आणि ०.९ झाला की २९०, म्हणजे जवळजवळ पाच मिनिटं.

या तीन आकड्यांकडे मी वर्गात मुलांना बराच वेळ पाहायला लावत असे. भार अर्ध्यावरून पाऊणवर गेला तेव्हा चक्र दुप्पट झालं, आणि पाऊणवरून ०.९वर जाताना अडीच पट. भार एकाला टेकला की भाजकात शून्य येतं आणि सूत्र हात वर करतं. सूत्र चुकलेलं नसतं, ते अगदी खरं बोलत असतं : या चौकात येणाऱ्यांना पुरेल एवढा वेळ तासात नाहीच. त्यानंतर सिग्नलची पेटी उघडून सेकंद इकडचे तिकडे करण्यात अर्थ नसतो. वेबस्टर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला सूत्राहून मोलाची वाटते. उत्तम चक्राच्या पाऊणपटीपासून दीडपटीपर्यंत कुठेही राहिलात, तरी सरासरी खोळंबा फार तर दहा-वीस टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सूत्रात माफक चुकीला माफी आहे, आणि ११६चे ११४ करण्यासाठी भांडत बसू नये.

आता आपल्या रस्त्यावर येऊ, कारण हे पुस्तक मराठीत लिहिण्याचं खरं कारण इथे आहे.

ग्रीनशील्ड्स यांची रांग एकामागे एक उभ्या असलेल्या मोटारींची होती. आपली रांग पाहा. लाल लागला की मोटारी, बस आणि टेम्पो जिथल्या तिथे थांबतात. दुचाक्या थांबत नाहीत, त्या फटींतून झिरपत पुढे येतात. सत्तर-ऐंशी सेकंदांत थांबरेषेपुढे दुचाक्यांचा थर साचतो, त्याच्या पुढचं टोक झेब्रा पट्ट्यांवर, काही शहाणे त्याही पुढे. उलट्या आकड्यांचा टायमर पाचवर आला की बंद केलेली इंजिनं एकदम सुरू होतात, तीनवर पहिला हॉर्न, एकवर अर्धा थर निघालेलाही असतो. इथे ३.८ सेकंदांची पहिली मोटार कुठे शोधायची? पहिल्या क्षणी एकाच वेळी आठ-दहा वाहनं रेषा ओलांडतात, मग रिक्षा, आणि मोटारींची पाळी येईतो हिरव्याचा बराच भाग संपलेला असतो. परदेशी पुस्तकात सुरुवात मंद आणि मग वेग स्थिर. आपल्याकडे सुरुवातच उसळीची असते.

म्हणून आपल्या संशोधकांनी मार्गिका मोजायच्या सोडून रस्त्याची रुंदी मोजली. गंमत म्हणजे वेबस्टर यांनीही रुंदीच मोजली होती : रुंदी मीटरमध्ये घ्या, ५२५नं गुणा, तासभर हिरवा राहिल्यास तितकी मोटार-एककं, म्हणजे मोटारीच्या मापात मोजलेली वाहनं, जातील. सात मीटरच्या रस्त्याला ३,६७५. या बाबतीत १९५८चं ब्रिटन आपल्याला अमेरिकेपेक्षा जवळचं आहे. पण ब्रिटनच्या रस्त्यावरची सरमिसळ आणि आपली सरमिसळ एक नव्हे. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकारानं देशभरच्या संस्थांनी मोजण्या करून २०१७ची भारतीय रस्ता-क्षमता संहिता तयार केली, तिला ‘इंडो-एचसीएम’ म्हणतात. तिच्यात सिग्नलच्या चौकांसाठी हे आकडे इथल्या रस्त्यांवर मोजून नव्यानं बसवले आहेत. त्याआधी कित्येक वर्षं आपण दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून तो तोकडा का होतो यावर चर्चा करत होतो.

मधेच एक गोष्ट सांगतो, कारण ती मुंबईची आहे. २०१९च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रं जोडली. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्याची चित्रफीत जगभर फिरली. जाहिरात म्हणून मला ती फार आवडली. सिग्नल म्हणून मात्र ती शिक्षा हॉर्न वाजवणाऱ्याबरोबर गप्प बसलेल्यालाही झाली, आणि मागे अडकलेल्या बसमधल्या सगळ्यांनाही.

पिवळ्या दिव्यावर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे आणि ते वाचकांनी गाळू नये. पिवळा म्हणजे ‘आता पळा’ असं आपल्याकडे मानतात. पण कधी कधी चालकाकडे बरोबर असा पर्यायच उरलेला नसतो. ताशी ५० किलोमीटर वेगानं येणाऱ्या मोटारीला, चालकाची प्रतिक्रिया एक सेकंदाची आणि ब्रेक बेताचा धरला, तर थांबायला साधारण ४६ मीटर लागतात. पिवळा तीन सेकंदांचा असेल तर तेवढ्या वेळात ती न थांबता ४२ मीटर जाईल. आता ती दिवा बदलताना ४४ मीटरवर असेल तर? थांबता येत नाही आणि रेषा ओलांडताही येत नाही. कायदा पाळणाऱ्या माणसाला दिव्यानं गुन्हेगार केलं. डेनोस गॅझिस, रॉबर्ट हर्मन आणि अलेक्सी मॅराड्युडिन यांनी १९६०मध्ये ही कोंडी गणितानं मांडली. यातले हर्मन म्हणजे तेच, ज्यांनी राल्फ आल्फर यांच्यासोबत १९४८मध्ये विश्वाच्या आरंभापासून उरलेल्या उष्णतेचं भाकीत केलं होतं. ज्यानं विश्वाचं तापमान काढलं, त्याला पिवळ्या दिव्याचा प्रश्न हलका वाटला नाही, हे मला नेहमी धीर देतं.

आणि तो प्रश्न १९६०मध्ये संपलाही नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मॅट्स यार्लस्ट्रॉम नावाच्या गृहस्थांच्या पत्नीला २०१३मध्ये कॅमेऱ्यानं दंड केला. त्यांनी सूत्र तपासलं आणि त्यातली फट शोधली : मूळ मांडणीत वाहन एक तर थांबतं किंवा त्याच वेगानं सरळ जातं, पण वळणाऱ्याला वेग कमी करावा लागतो, त्याला पिवळा जास्त हवा. राज्याच्या इंजिनिअर मंडळानं त्यांना ५०० डॉलरचा दंड ठोकला, परवाना नसताना इंजिनिअरकी केल्याबद्दल. न्यायालयात ते २०१८मध्ये जिंकले, आणि २०२०मध्ये अमेरिकेतल्या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेनं पिवळ्याची वेळ ठरवण्याच्या शिफारशीत त्यांची सुधारणा घेतली. बाहेरच्या माणसानं घड्याळ लावून विचारलेला प्रश्न या शास्त्रात असा मानाचा असतो, निदान असायला हवा.

वर्तुळाबद्दल थोडंच. गोल चौकात त्या ३२ जागांच्या ८ होतात, आणि छेदणारी एकही उरत नाही. पण त्याचा सगळा खेळ एका नियमावर चालतो : आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ब्रिटननं तो १९६६मध्ये सक्तीचा केला, त्याआधी तिथलीही वर्तुळं अडकून बसायची. आपल्याकडे आत शिरणारा आपलं नाक आधी घालतो, आणि वर्तुळ स्वतःच्याच शेपटीला अडकतं. शिवाय इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७६च्या मार्गदर्शिकेनुसार तासाला तीनेक हजार वाहनांपलीकडे वर्तुळानं निभावत नाही, आणि शहरातले मोठे चौक तो आकडा सकाळीच ओलांडतात.

सिग्नलांच्या साखळीबद्दल, म्हणजे एकामागे एक हिरवे मिळत जाण्याबद्दल, पुढे सविस्तर आहे. एकेरी रस्त्यावर हे सोपं, दुहेरीवर एका दिशेचं सुख दुसऱ्या दिशेच्या वाट्याला येत नाही. डेनिस रॉबर्टसन यांची ‘ट्रान्झिट’ ही संगणक-पद्धत १९६९मध्ये प्रसिद्ध झाली ती याच तडजोडीसाठी. नंतर रस्त्यातल्या संवेदकांवरून सेकंद बदलत राहणाऱ्या पद्धती आल्या. आपल्या शहरांतही अशा बसवल्या गेल्या. त्यांना ‘बुद्धिमान’ म्हणायची पद्धत पडली आहे. मी म्हणत नाही. संवेदक जे मोजतो तेवढंच यंत्राला दिसतं, आणि इथे मी पुन्हा माझ्या पुठ्ठ्याच्या तक्त्याकडे येतो.

वेबस्टर यांचं सूत्र ज्याचा खोळंबा कमी करतं, तो वाहनांचा खोळंबा आहे. वाहनं मोटारीच्या एककात मोजतात. दुचाकी म्हणजे निम्म्याहून कमी मोटार, बस म्हणजे कुठे दीड तर कुठे तीन मोटारी. ही एककं रस्त्यावर अडणारी जागा आणि वेळ मोजतात, आणि त्या कामासाठी ती बरोबरच आहेत. पण पन्नास माणसांची बस तीन मोटारींइतकी धरली, त्या तीन मोटारींत मिळून चार-पाच माणसं बसलेली असली, तरी दोन्हींच्या खोळंब्याला आपण एकच किंमत लावतो. आणि पायी चालणाऱ्याचं एकक शून्य. तो मोजलाच जात नाही, म्हणून त्याला सेकंद मिळतात ते वाहनांना देऊन उरले तर.

हेही करून पाहण्यासारखं आहे. २१ मीटर रुंद रस्ता, चालण्याचा प्रमाण वेग सेकंदाला १.२ मीटर. ओलांडायला साडेसतरा सेकंद. गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालतात असं धरा, त्यांना २६ सेकंदांहून जास्त लागतात. हे सेकंद द्यायचे म्हणजे कोणाचे तरी घ्यायचे, याबद्दल मी वाचकाला फसवू इच्छित नाही. रस्ता मध्ये बेट घालून दोन टप्प्यांत ओलांडता आला, वळणाची त्रिज्या आवळून मोटारींना वेग कमी करायला लावला, तर सिग्नलवरचा ताण रचनेनं हलका करता येतो. पण निर्णय तोच राहतो : एका मिनिटाचे साठ सेकंद आहेत, ते कोणाकोणात वाटायचे. हा निर्णय गणिताचा नाही. गणित फक्त प्रत्येक निर्णयाची किंमत सांगतं, आणि ज्याला आपण मोजलंच नाही त्याची किंमत ते सांगू शकत नाही. माझ्या पिढीच्या इंजिनिअरांनी अर्धवट तक्ता हातात घेऊन पूर्ण उत्तर काढल्याचा आव आणला, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात मी आहेच.

या पुस्तकातलं गणित दहावीच्या पलीकडे जात नाही. नगरसेवक, वॉर्डन, शाळेचे मुख्याध्यापक, सोसायटीचे सचिव आणि रोज एकाच सिग्नलला चिडणारा कोणीही ते वाचू शकेल. शेवटच्या पानावर मोजणीचा तो जुनाच तक्ता छापला आहे, त्यात ‘पायी’ हा रकाना वाढवला आहे आणि बसच्या रकान्याखाली आतल्या माणसांचा अंदाज लिहायला जागा ठेवली आहे. घराजवळच्या चौकात संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं उभे राहा. घड्याळ सेकंदकाट्याचं घ्या. पहिलं चक्र हिशेबात धरू नका, त्यात हमखास चूक होते.